कपबशी, छत्री आणि चाड्यावरची मूठ

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी. दाजीबा, मृदंगावरची बोटं मोकळी करा. मघापासून बघतोय — तुमचा मृदंग पुढं पळतोय आणि बाळोजींचा टाळ मागून धापा टाकत येतोय! हसू नका, हसू नका. त्याचं काय ते आपण शेवटाला बघू.

आधी मला एक सांगा. ज्या बोलण्यातून काहीच निघत नाही — ना निवाडा, ना बातमी, ना उपदेश — ते बोलणं वाया गेलं का? "काय, जेवलात का?" — "जेवलो." — "काय होतं?" — "पिठलं." झालं! संपलं! यातून जगाच्या हाती काय लागलं?

ते बघा, पुढं बसलेल्या तात्यांनी मान हलवली. वाया गेलं म्हणतात. बरं! तात्या, मान तशीच धरून बसा. आख्यान संपल्यावर कुठल्या बाजूला हलते ते पाहू!

तर ऐका. माण नदीच्या काठाला एक गाव होतं. गावाचं नाव सांगत नाही — तिकडचे पाहुणे बसलेत मंडपात! काळं रान, रब्बीची ज्वारी, आणि त्या गावात दोन मित्र. एक गेनबा, एक शिद्राम. दोघांच्याही मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि दोघांकडं बैल एकेकच. गेनबाचा माणक्या, शिद्रामचा हौशा. आता एका बैलानं पेरणी होती का? नाही होत! म्हणून दोघांची सावड. म्हणजे काय? तुझा एक बैल, माझा एक बैल, दोन्ही एका जुवाला. आधी माझं रान पेरू, मग तुझं. कागद नाही, साक्षीदार नाही. शब्द दिला की झालं!

गेनबा पुढं बैल हाकायचा. शिद्राम मागं पाभरीच्या चाड्यावर मूठ धरायचा. चाडं म्हणजे काय, हे तरुण पोरांना सांगायला पाहिजे — ट्रॅक्टर आल्यापासून त्यांनी बघितलंय कुठं? अरे, पाभर म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार; तिच्यावर लाकडाची वाटी असती. त्या वाटीला खालून नळ्या. पोटाला बांधलेल्या ओटीतलं बी मुठीत घ्यायचं आणि बोटांच्या फटीतून त्या वाटीत सोडत राहायचं. जास्त सुटलं, दाट उगवतं. कमी सुटलं, रान रिकामं! मनगट असं शांत पाहिजे, जसं निजलेल्या लेकराला थोपटणाऱ्या आईचं असतं.

आणि शिद्रामची मूठ — अहाहा! त्याची ज्वारी उगवली की लोक बांधावर उभं राहून बघायचे. दोरी धरून ओढाव्यात तशा ओळी!

आणि पेरताना हे दोघं काय बोलायचे? ऐका हं!

"गेनू, वांग्यात कूट जरा जास्तच पडला रं काल."

"व्हय? मग मिळून येतंय की कालवण."

"येतंय. पण तहान लागती."

मग रानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अख्खं तास तेवढ्यावरच निघायचं. वळणावर पुन्हा —

"शिद्या, दाढ कशी हाय?"

"हाय जागेवर."

दिवसभर हेच! गेनबाची बायको सोजरा मागं रानातली धसकटं वेचायची, आणि हे ऐकून ऐकून तिचे कान किटायचे. ती एकदा म्हणाली, "अवो, एवढं बोलता तरी काय दोघं?" गेनबा म्हणाला, "काय न्हाई." — "काय न्हाई ते दिवसभर पुरतंय तुम्हाला?" — "पुरून उरतंय!"

मंडळी, सुख आणखी वेगळं काय असतं हो?

पण सुखाला नजर लागायला वेळ लागत नाही. गावात लागली निवडणूक! एका पॅनेलची निशाणी कपबशी, दुसऱ्याची छत्री. गेनबाचा पुतण्या उभा राहिला कपबशीवर. शिद्रामच्या जावयाचा भाऊ उभा राहिला छत्रीवर. आणि सभेत एक पुढारी माईक धरून ओरडला, "रिकाम्या गप्पा सोडा! पारावरचा वेळ वाया घालवू नका! मुद्द्याचं बोला!"

दोघांना पटलं! अगदी मनापासून पटलं! दोघं मुद्द्याचं बोलायला लागले — आणि घात झाला.

काय सांगू तुम्हाला! छत्रीवाल्या शिद्रामनं कपबशीतला चहाच सोडला. वाटीत प्यायला लागला! बोटं भाजायची, ओठ पोळायचे, पण कपाला हात लावायचा नाही. आणि गेनबा? एकदा मारुतीच्या देवळातून निघाला नि आली सर. पुजाऱ्यानं छत्री पुढं केली. हा म्हणतो, "ती वस्तू माझ्या डोक्यावर नको!" भिजत घरी आला. चार दिवस शिंकत होता! आता तुम्ही हसताय. पण तुमच्या घरी मागच्या निवडणुकीत काय काय झालं, ते विचारू का एकेकाला? बघा — कसे गप्प झाले!

तर पेरणीचा दिवस उजाडला. हस्ताचा पाऊस पडून गेलेला, रानात चांगली ओल. आधी गेनबाचं रान. सकाळी दोघांनी जू ठेवलं, आणि सवयच ती — बोलणं जुन्याच वाटेला लागलं. सोजराच्या शेंगोळ्यांना नावं ठेवून झाली. हौशाच्या शेपटावर बोलून झालं. निम्मं रान पेरून झालं. पाभर बांधावरच्या बाभळीपाशी आली, आणि रस्त्यानं भोंगा लावलेली जीप गेली — "ताई माई अक्का! विसरू नका, छत्री!"

शिद्राम नुसतं हसला. गेनबाला तेवढं पुरलं!

"हसतोस काय? पाच वरसं तुमच्या छत्रीखाली गाव भिजलंच की!"

"तुमच्या कपबशीला कान तरी हाय का? धरायचं कुठनं?"

"नळाला पाणी कुणी आणलं?"

"आणि ते बंद कुणी पाडलं?"

हा हात वर करतोय, तो बैलांना आसूड दाखवतोय. बैल बिचारे एकमेकांकडं बघतायत — आज मालकांना झालं काय! सोजरा मागून ओरडली, "अवो, बी पेरताय का भांडणं?" ऐकतंय कोण? संध्याकाळपर्यंत रान पेरून झालं आणि बोलणंही संपलं. शिद्रामनं ओटी सोडली. जुवातून हौशाला मोकळं केलं.

"माझं रान मी बघीन. तुझ्या बैलाची गरज न्हाई."

"मलाबी हौस न्हाई आली!"

झालं! सावड मोडली.

आता नीट ध्यान द्या. गेनबाचं रान पेरून झालं. शिद्रामचं? तसंच पडून! एका बैलाला पाभर ओढवत नाही. ट्रॅक्टर सगळे प्रचाराला जुंपलेले. आणि काळ्या रानातली ओल काय कुणासाठी थांबती? रोज वरून एक बोट खाली जाती. ओल गेली की पेरणी गेली. पेरणी गेली की घरात वर्षाची भाकरी नाही, आणि हौशाला कडबा नाही. शिद्राम रोज बांधावर जायचा, ढेकूळ उचलायचा, बोटानं फोडून बघायचा, आणि परत यायचा. गेनबाला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं! वाट त्याच्या दारावरूनच जात होती. पण तोंड कसं उघडणार? तोंडात कपबशी अडकली होती ना!

पाच-सहा दिवस गेले. मधे एक हलकी सर येऊन गेली. गेनबा आपलं रान बघायला गेला — आणि बांधावरच खाली बसला!

निम्मं रान बघावं तर हिरव्या रेघा, सरळ, मोजून ओढल्यासारख्या. आणि बाभळीपासून पुढं? इथं कोंबांचा झुबका, तिथं टक्कल! पुन्हा झुबका, पुन्हा टक्कल! ओळी तर अशा वाकड्या, की साप लाजावा! बांधावरून जाणारे-येणारे थांबून बघतायत आणि तोंडाला उपरणं लावून हसतायत.

गेनबा उठला तो तरातरा घरी. "सोजरे! चल रानात! शिद्यानं सूड घेतला माझ्यावर! मुद्दाम वेडीवाकडी मूठ सोडली!"

सोजरा आली. तिनं रान बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून अशी हसली, अशी हसली!

"दात काय काढतीस? माझं वाटोळं झालं हितं!"

"अवो, सूड कुठला! तुमचं भांडण उगवलंय!"

"आँ?"

"मी मागंच होते की धसकटं वेचत. या, दावते." आणि ती ओळीओळीनं चालायला लागली. "ह्या सरळ ओळी बघा. हितं तुम्ही माझ्या शेंगोळ्यांना नावं ठेवत हुता. ही पुढची — हौशाचं शेपूट. कशी उगवलीया, बघा! ही आली बाभळ. हितं जीप गेली. हितं तुम्ही म्हणाला, 'गाव भिजलं' — आणि शिद्रामभावजींची मूठ आवळली, बघा, टक्कल! हितं ते म्हणाले, 'कान कुठाय', आणि बोटं सुटली — बघा, झुबका! हितं त्यांनी हात वर केला. आता हात वर असल्यावर बी काय आभाळात पेरणार?"

मंडळी, मला अक्षरं वाचता आली ती डोक्यावरचे केस उडाल्यावर. पण शेताच्या ओळी मी आधीपासून वाचतो. त्या खोटं सांगत नाहीत हो!

गेनबा तरी हट्टानं म्हणाला, "म्हंजे चूक शिद्याचीच की! मूठ त्याचीच हुती."

सोजरा वळली. आता हसत नव्हती. "मूठ त्यांची. आणि ह्या वाकड्या ओळी? बैल कोण हाकत हुतं?"

गेनबानं आसूड धरायचा हात पाठीमागं नेला!

"तुमचं निदान वाकडं का हुईना, उगवलंय. त्यांचं रान पेरणीवाचून पडलंय. सावड कुणी फेडायची राहिलीया, ते बघा."

गेनबा तसाच वळला. घरी गेला, माणक्याचं दावं सोडलं आणि बैलाला घेऊन शिद्रामच्या दारात उभा राहिला. शिद्राम ओट्यावर बसलेला. त्यानं मान वर केली नाही. हौशानं मात्र माणक्याला बघितलं आणि दाव्याला हिसका देऊन हंबरला! जनावराला कळलं हो! माणसाला वेळ लागतो.

आता गेनबा काय बोलणार? 'चुकलो' म्हणावं, तर जीभ वळंना. 'चल पेरायला' म्हणावं, तर उपकार दाखवल्यासारखं. उभा राहिला, खाकरला, माणक्याच्या पाठीवरची माशी हाकलली. माशी नव्हतीच! आणि मग म्हणाला —

"शिद्या... आज कालवण काय रं?"

आत त्याच्या बायकोचं भांडी घासणं थांबलं. गेनबाला वाटलं, आता दार लागतंय तोंडावर.

शिद्रामनं ओट्यावरची एक काडी मोडली आणि खाली बघतच म्हणाला, "...माडगं."

"हुलग्याचं?"

"मग काय सोन्याचं!"

"मीठ?"

"कमी पडलंय."

"तुझ्या घरी कायमचंच कमी असतंय. ऊठ, चाडं घे. ओल उडाया लागलीया."

शिद्राम उठला. ओटी बांधताना फक्त एवढंच म्हणाला, "मत मी छत्रीलाच देणार."

"दे की! आणि मी कपबशीला. पण मूठ चाड्यावर हाय तवर निशाणीचं नाव काढायचं न्हाई. लईच खाज सुटली, तर बांधावर जाऊन भांडू. बैल तवर इसावा घेतील!"

आणि पेरणी सुरू झाली, मंडळी! दिवसभर पुन्हा तेच — माडगं, दाढ, कूट, शेपूट! शिद्रामचं रान पेरून झालं. मग दोघं गेनबाच्या रानात उकिडवे बसले. झुबक्यातले जास्तीचे कोंब उपटले, टकलावर नवं बी टोकलं. बोटं चिखलात, तोंड गप्पांत. तेवढ्यात आली एक सर. सोजरा बांधावरून आली — एका हातात चहाची किटली, ओच्यात दोन कपबश्या, दुसऱ्या हातात छत्री! एका छत्रीखाली दोघं, आणि दोघांच्याही हातात कपबशी! शिद्राम बशीत ओतून फुर्र फुर्र पितोय. गेनबा म्हणतो, "शिद्या, जरा इकडं सरकव की छत्री, खांदा भिजतोय!"

काय? कोण निवडून आलं? हे बघा! एवढं आख्यान सांगितलं, आणि मागच्यांना अजून तेच पडलंय! अहो, आलं कुणीतरी. कुणीतरी येतंच. ज्वारी मात्र दोघांचीही आली!

मी मत देऊ नका म्हणत नाही. जरूर द्या. नळाला पाणी नसेल तर विचारा, ठणकावून विचारा! पण चोवीस तास मूठ आवळून बसलात तर घरात उगवणार काय? झुबके आणि टकलं!

आणि तात्या, तुमच्या मानेचं राहिलं. रिकामं बोलणं वाया जातं म्हणालात ना? मग आपण इथं येऊन काय करतो? तेच नाव! कालचंच, परवाचंच! देवाला त्यातून नवी बातमी काय कळती? तरी तो ऐकतो. तो कधी म्हणाला का, "माझा वेळ घेऊ नकोस, मुद्द्याचं बोल"? अहो, बोलण्यातून काही निघावं म्हणून तो ऐकत नाही. आपण जवळ बसलोय, एवढंच त्याला पुरतं. पुरून उरतं!

हां! हलली! तात्यांची मान दुसऱ्या बाजूला हलली!

आता शेवटचं. दाजीबा, बाळोजी — हां, तुम्हीच. मृदंग पुढं का पळतोय आणि टाळ मागं का राहतोय, हे मला ठाऊक नाही असं वाटलं? सगळ्या मंडपाला ठाऊक आहे! गावात निकाल लागल्यापासून एकमेकांच्या तोंडाकडं बघितलेलं नाही तुम्ही. मग ठेका जुळणार कसा? मी भजन सुरू करणार नाही. बसून राहीन इथं, बघू मला कोण उठवतंय ते! दाजीबा, विचारा त्यांना काहीतरी. निकालाचं नको. निशाणीचंही नको. साधं!

...बघा, खाकरले!

"बाळोजी... शेळी व्याली का रं?"

"व्याली की. दोन करडं."

"दोन्ही जगली?"

"उड्या मारत्यात! एक तर तुमच्यासारखंच — दम म्हणून न्हाई!"

झालं! मंडळी, हसून घ्या पोटभर — आणि आता घ्या टाळ हातात. दाजीबा, थाप मारा. ऐका, ऐका — आला का बघा, दोघांचा हात एका ठेक्यावर!