साहेबाले काढून ठेवणारी पोरगी

तुम्ही हसाल, पण आमच्या मोहाडीच्या कॉलेजात मी पोरांकडून मुलाखतीची तालीम व्हीआरवर करून घेतो. तो जाड चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर साहेब बसलेला दिसतो आणि प्रश्न विचारू लागतो.

आमची प्रणाली नावाची एक पोरगी प्रश्नाला अडली की सरळ चष्मा काढून ठेवायची. एकदा विचारलं, "काहून काढला?"

"सर, तो साहेब डोळे वटारून पाहून राहिला ना."

मग नागपूरला तिची खरी मुलाखत झाली. तिथंही ती एका प्रश्नाला अडली आणि सवयीनं हात कपाळाकडे गेला. चष्मा कुठला, हाती केसांची क्लिप आली.

साहेबांनी विचारलं, "डोकं दुखतंय का?"

ही बोलून गेली, "नाही सर, तुम्हाले काढून ठेवत होती."

आता समजावून सांगणं भाग होतं. ती चष्म्याबद्दल बोलत सुटली, साहेब हसत सुटले, आणि भीती कुठं गेली ते तिलाच कळलं नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, घेतलं मले. पण खरा साहेब हसते. आपल्या चष्म्यातल्यालेही थोडं हसाले शिकवा."