भरली घागर

बलभीम : अकरा सह्या झाल्या, मावशी. तुमचा तेवढा अंगठा ऱ्हायलाय. शाईचा डबा संगंच आणलाय, तुम्हाला उठायचीबी गरज न्हाय.

धुरपदाबाई : ठेव तो डबा खाली. च्या घेणार का?

बलभीम : दोनदा झाला. पाचला पालिकेचं हापीस बंद होतंय. बाराही भाडेकरूंची संमती आज पोचली, तरच ह्या खोल्या आपल्याला इकत देणार. एकानं जरी नको म्हणलं, तर हातातोंडाशी आलेला घास गेला.

धुरपदाबाई : जाऊ दे की. भाड्यानं ऱ्हायलो, भाड्यानंच मरू.

सोनाली : तुमचं मरणाचं सोपं आहे, आत्याबाई. तुमच्यामागं मी अन् तुमच्या नातीनं, प्रतीक्षानं कुठं जायचं, ते सांगा.

धुरपदाबाई : आता गं! तुम्हाला कोण काढतंय?

सोनाली : खोली तुमच्या नावावर आहे. भाडेकरू वारला की खोली पालिकेकडं परत. मुलगा असता तर त्याच्या नावावर चढली असती. ते तर राहिले नाहीत. सुनेचं नाव चढत नाही, मी दोनदा विचारून आले.

धुरपदाबाई : म्हंजी माझ्या मरणाची चौकशी करून आलीस.

सोनाली : आले. तुम्ही केली नाही, म्हणून मला करावी लागली.

बलभीम : तेच म्हणतोय म्या. हक्काचं होतंय तर होऊ द्या की.

धुरपदाबाई : तू हक्काचं बोलू नगंस, बलभीमा. तुझ्या खोलीत आधी शिवप्पा ऱ्हायचा. त्यानं खालच्या आळीत घर बांधलं, खोली सोडली, म्हणून तुझ्या आईला मिळाली. तवा तू पोटात हुतास. शिवप्पानं ती इकत घेऊन ठिवली असती, तर तू कुठं जलमला असतास? स्टँडवर?

बलभीम : तो जमाना येगळा हुता.

धुरपदाबाई : तवाबी माणसं हावरीच हुती बाबा. पण रीत हुती. खोली सोडणाऱ्या बाईनं चूल सारवायची, घागर भरून ठिवायची अन् किल्ली पुढच्या बाईच्या हातात द्यायची. बहात्तरच्या दुष्काळात आमी दोघं ईट गावाहून चालत आलो, अंगावरच्या कापडानिशी. ह्या खोलीतल्या सिताबाईचा मालक ढोकीला साखर कारखान्यावर लागला हुता, ती निघाली हुती. आडाला पाणी न्हवतं. बाईनं वाटी-वाटीनं खरवडून ही तांब्याची घागर भरली अन् माझ्यासाठी ठिवून गेली. म्हणली, धुरपदा, तुझं घर झालं की तूबी भरून ठेव.

सोनाली : मग ठेवलीत का?

धुरपदाबाई : काय?

सोनाली : भरून. ईटला घरकुल झालं होतं ना तुमचं? मामंजी चला म्हणत होते गावाकडं. तुम्ही त्याला कुलूप लावलंत अन् इथंच राहिलात.

धुरपदाबाई : माझा उत्तरेश्वर दहावीला हुता. एक साल काढावं म्हणलं.

सोनाली : सतरा सालं कुलूप होतं. मग यांच्या आजारपणात ते घरही गेलं. मी बोट दाखवत नाही, आत्याबाई. लेकरासाठी केलंत. माझंही लेकरू यंदा दहावीलाच आहे.

बलभीम : वैनी बरोबर बोलल्या. अन् मावशी, एकदा कागद झाला की चांदीच हाय! स्टँडच्या भिंतीला लागून जागा. बारा खोल्या एकदम घ्यायला माणूस तयार हाय.

सोनाली : कोण माणूस?

बलभीम : न्हाय... पुढंमागं म्हणतो म्या.

सोनाली : तुम्ही तर सांगितलंत, राहायला मिळतील म्हणून.

बलभीम : ऱ्हावा की! नको कोण म्हणतंय? पण अकरा जागी दुकानं झाल्यावर मधल्या एका खोलीत तुम्ही तरी कशा ऱ्हाणार?

धुरपदाबाई : त्या माणसाकडनं इसार घेतलास, न्हवं?

बलभीम : मी एकटाच न्हाय. आठ जण हायेत.

धुरपदाबाई : वाटलंच. एका अंगठ्यासाठी दोन दोन येळा च्या प्यायला बसतोस, तवाच म्या वळखलं.

बलभीम : मावशी, एका खोलीत सात माणसं हावोत आम्ही. थोरल्याचं लगीन झाल्यापासून म्या ओट्यावर झोपतो, थंडीत, पावसात. मलाबी वाटतंय, आपल्या घराला मागं एक दार असावं. ह्यात पाप कुठलं आलं?

धुरपदाबाई : पाप न्हाय. पण ती अयोध्या बाई स्टँडमागं ताडपत्रीखाली पडलीय, दोन लेकरं घेऊन. तीन वर्षं झाली खोलीसाठी अर्ज करून, पयला नंबर हाय तिचा. खोल्याच इकल्या तर तो नंबर कशाचा? सोनाली, तिचं धाकटं तुझ्याच अंगणवाडीत येतंय ना?

सोनाली : येतं. खिचडी अर्धी खातं, अर्धी आईला झाकून नेतं. मला सगळं दिसतं, आत्याबाई. पण तिचं लेकरू बघून माझं लेकरू ताडपत्रीत नेऊन बसवू का?

धुरपदाबाई : बलभीमा, भाईर जाऊन बस.

बलभीम : अवो, पावणेपाच झाले!

धुरपदाबाई : बस म्हणलं ना भाईर.

(बलभीम ओट्यावर जातो. दार लोटलं जातं.)

धुरपदाबाई : तू इकणार का ही खोली?

सोनाली : नाही.

धुरपदाबाई : अकरा दुकानांच्या मधी ऱ्हाशील?

सोनाली : राहीन. प्रतीक्षा तिच्या पायावर उभी राहीपर्यंत. त्याच्या पुढचं कबूल करत नाही. तुम्हीही एकच साल म्हणाला होतात.

धुरपदाबाई : व्हय. म्हणले हुते.

सोनाली : मी टोचायला नाही म्हणाले.

धुरपदाबाई : टोचू दे. खोटं कबूल केलं न्हाईस, हे बरं केलंस. आण तो डबा. हात धर माझा, मला कागदावरली चौकट दिसत न्हाय.

सोनाली : इथं. जरा दाबा. झालं.

धुरपदाबाई : दे त्याला नेऊन. अन् आल्यावर ती घागर काढ फळीवरची. चिंच लावून घास. भर, अन् अयोध्याला नेऊन दे. खोली देणं झालं न्हाय माझ्याच्यानं. घागर तरी जाऊ दे.

सोनाली : देते नेऊन. पण आत्याबाई...

धुरपदाबाई : आता काय?

सोनाली : भरलेली घागर ती ठेवील कुठं?