उपवासाच्या आधीचा आठवडा

सन्माननीय अध्यक्ष सरपंच तुदोसेसाहेब, व्यासपीठावरचे पाद्रीबाबा, जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई, आजच्या निरोप समारंभाच्या उत्सवमूर्ती परिचारिका अग्लाया, आणि माझ्या विसराळू गावकऱ्यांनो,

विसराळू म्हटलं म्हणून राग मानू नका. साठ वर्षं या गावात नांदतेय, तरी छापील भाषण माझ्या हातात देऊन मोकळे झालात! या परास्कोविया आजीला अक्षर ठाऊक नाही, हे एकालाही आठवू नये? असो. कागद वारा घ्यायला बरा आहे.

आणखी एक गोष्ट विसरलात. आपल्याकडे ईस्टरआधीचा मोठा उपवास लागला की पुरुष एकदम दारू सोडत. वर्षभर तळघरातल्या पिंपाशी सोयरीक, आणि सोमवारी थेट संत! माझे मालक झाहारिया असेच सोडून बसले. मीच कौतुकानं तळघराला कुलूप ठोकलं. मंगळवारी हात थरथरू लागले, बुधवारी झटके आले, शुक्रवारी आपण त्यांना पुरलं. "पुण्यवान हो, उपवासात गेला," असं तुम्हीच म्हणालात ना? मीही म्हणाले.

मग बदली होऊन अग्लाया आली. तिनं विचारलं, "आजी, इथली माणसं उपवासाच्या पहिल्याच आठवड्यात का मरतात?" आपल्यापैकी कुणाला सुचला होता हा प्रश्न?

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलानं, इलारियोननं, चर्चमध्ये दारू सोडायची शपथ घेतली. मी पुन्हा कुलूप शोधायला लागले. मंगळवारी ही अग्लाया दारात हजर. "रोज पिणाऱ्यानं एकाएकी सोडली तर जिवावर बेततं. आजी, आधी दवाखाना, मग कुलूप."

इलारियोन घामानं निथळत होता. म्हणाला, "ताई, मी देवाला शब्द दिलाय, तुझ्या सुईला नाही."

"मग तो पाळायला जिवंत राहशील की नाही, बैला? चल, गाडीत बस!"

जिल्ह्याच्या दवाखान्यात आठवडाभर औषधं देऊन त्याला सावरलं. पुढच्या तपासण्या पठ्ठ्यानं तीनदा चुकवल्या. लाजत होता हो! हिनं नाव खोडलं नाही. कात्री घेऊन त्याच्या द्राक्षमळ्यातच गेली, छाटता छाटता बोलली. छाटणी भयंकर केली, पण पुढच्या वेळी तो आपल्या पायानं गेला. ते बघा, तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलाय.

आता उपवासाच्या आधीच्या आठवड्यात ही घरोघर फिरते. पाद्रीबाबाही शपथ देण्याआधी विचारतात, "अग्लायाला भेटलास का?" यंदा उपवासाच्या पहिल्या आठवड्यात मी रोज घंटेकडे कान लावून होते. मयताची घंटा एकदाही वाजली नाही. रविवारी मी इतकी गाढ झोपले, की प्रार्थना चुकली.

अग्लाया, लेकीकडे सुखानं राहा. घरोघर फिरायचं काम नव्या परिचारिकेला नीट सांगून जा. सगळ्यांचे आभार. म्हातारीची जीभ कुठे घसरली असेल, तर पदरात घ्या.

आणि बायांनो, कुणी दवाखान्यातून दारू सोडून घरी आला, तर भेटायला जाताना वाइनचा जग नेऊ नका. घेवड्याचं आंबट सूप पाठवा, गरम, आणि दोघांपुरतं. शेजारी बसून कुणीतरी खायला हवं.