सातव्या गटासाठी बटण नाही

बुधवार. सकाळचे साडेआठ. 'तिसरा धक्का' शाळेचं सभागृह. माझ्या एका हातात बारीक दातांची फणी, दुसऱ्या हातात पहिल्या गटातल्या, म्हणजे सगळ्यांत धाकट्या वर्गातल्या, एका पोराचं डोकं, आणि समोर पांढरेशुभ्र बूट घालून उभा राहिलेला स्टाइन मला सांगतोय, "योके, या शाळेत पालकांचा सहभाग फक्त चौदा टक्के आहे."

चौदा टक्के! तुम्हाला सांगते, ते डोकं हातात नसतं ना, तर मी ती फणी त्याच्यावरच चालवली असती. अहो, नाताळच्या सुट्टीनंतरचा पहिला बुधवार! सुट्टी संपली की पोरांची डोकी तपासायची, ही इथली रीत. सभागृहात रांगेने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक पोर, प्रत्येक पोरामागे एक आई नाहीतर बाप, कुणाची आत्या, कुणाचा आजोबा, सगळे कामाला दांडी मारून, ओल्या कोटांसकट, परक्यांच्या पोरांच्या कानामागे उवा शोधतायत... आणि हा म्हणतो सहभाग नाही! मी म्हटलं, "स्टाइन, मग ही सगळी माणसं कोण आहेत? कोटाच्या खुंट्या?"

तर तो म्हणाला, अगदी गोड आवाजात, बालवाडीतल्या पोराशी बोलावं तसा, "हे छानच आहे गं, पण हे मोजलं जात नाही. मोजतं ते ॲप."

बरं, हे ॲप काय ते ऐका. आमची शाळा क्रानवाइकमधली. क्रानवाइक म्हणजे बंदराच्या क्रेनच्या सावलीतली वस्ती. अर्धी माणसं रात्रपाळीला, अर्धी पहाटपाळीला. शाळेवर सरकारी तपासनिसांनी शिक्का मारला, 'अतिशय कमकुवत'. का कमकुवत? शिक्षक टिकत नाहीत म्हणून. मग शाळा-मंडळाने उपाय काढला. काय? शिक्षक आणले? छे हो! ॲप आणलं! त्याचं नाव 'सोबत'. आणि ते चालवायला हा स्टाइन, हुद्दा पालक-सहभाग समन्वयक. उन्हाळ्यापर्यंत सहभाग साठ टक्क्यांवर गेला नाही तर शाळा बंद, पोरं कालव्यापलीकडच्या शाळेत. म्हणजे शिक्षक मंडळाला मिळत नाही, आणि नापास आम्ही!

ॲपमध्ये सगळ्याला बटण आहे. पोर आजारी आहे? बटण. सहलीला गाडी देता का? बटण. वाढदिवसाला वर्गात काय वाटणार, त्यात साखर किती, शेंगदाणे आहेत का? तीन बटणं! संदेश आवडला तर हृदय, फार आवडला तर नाचणारं अस्वल. सातव्या गटाला ऑक्टोबरच्या सुट्टीपासून शिक्षक नाही... त्यासाठी बटण नाही.

सातवा गट म्हणजे माझी मेरेल, माझी नात. दहा वर्षांची. हिल्डा बाई सोडून गेल्या, त्यांना दोष नाही देत मी, दोन वर्गांचं काम एकट्या ओढत होत्या. पण त्यानंतर सातव्या गटाचं काय? वाढदिवसाच्या गोळ्या वाटतात तशी पोरं वाटून टाकली. चार इकडे, पाच तिकडे. मेरेल पहिल्या गटात! चार वर्षांच्या पोरांत, गुडघे कानाला लागतील अशा खुर्चीवर बसून मणी ओवते. लाल-पिवळा, लाल-पिवळा. आणि यंदाच्या उन्हाळ्याआधी सातव्या गटाला पहिला सल्ला मिळतो, पोर पुढे कुठल्या तऱ्हेच्या शाळेत जाणार त्याचा. सल्ला देणार कोण? आणि कशावरून देणार? मण्यांवरून?

मी बातमीदार आहे. इथल्या दैनिकात उभी हयात गेली. बंदरातले संप बघितले, तीन महापौर येताना-जाताना बघितले, प्रश्न विचारणं हे माझं पोटापाण्याचं काम. मंडळाला फोन केला. "सातव्या गटाला शिक्षक कधी?" तिकडून आवाज आला, असा मऊ, लोणी लावलेल्या पावासारखा, "त्यावर आम्ही काम करतोय, बाई." पुढच्या आठवड्यात परत केला. "त्यावर काम चालू आहे, बाई." मी म्हटलं, काम करणाऱ्या माणसाचं नाव सांगा, मी त्यालाच सातव्या गटावर घेते! फोन ठेवला त्यांनी. संपादक म्हणाला, "योके, नातीचं प्रकरण आहे, तू यावर लिहायचं नाहीस. नियम आहे." नियम बरोबर आहे, मीच नव्या पोरांना शिकवलाय. आणि वर म्हणतो कसा, "बाकीच्यांनाही सांगितलंय, शाळांवर जरा काहीतरी आनंदाचं लिहा."

आनंदाचं हवंय? मग ही घ्या आनंदाची गोष्ट. फेब्रुवारीत दहा मिनिटांच्या भेटी असतात ना, आई-बाप वर्गात जातात, बाई समोर बसतात, दहा मिनिटांत पोराचं भविष्य सांगून मोकळं करतात. त्याच्या वेळा यंदा ॲपने लावल्या. सगळ्यांना लावल्या. सातव्या गटालाही लावल्या! 'भेट कुणाशी? शिक्षक.' पुढे नावाची जागा रिकामी. सुनेला पहाटपाळी, मुलगा जहाजावर, म्हणून मी गेले. वर्गात दिवा लावलेला, टेबल पुसलेलं, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, आई-बाप रडले तर म्हणून, आणि समोर खुर्ची. नुसती खुर्ची! माझ्या आधी दुल्से बसून आली. दुल्से म्हणजे माझी फणीतली जोडीदारीण, केप व्हर्दे बेटांकडची, तिचा थोरला मेरेलच्याच वर्गात. मी विचारलं, "काय म्हणाले गं?" तर म्हणते, "माझ्या पोराबद्दल एकही तक्रार नाही, योके. पहिल्यांदाच!"

आणि दहा मिनिटं झाल्यावर फोन वाजला. 'भेट झाली! कशी वाटली? तारे द्या.' दुल्सेने पाच दिले. खाली लिहिलं, 'खुर्ची फार शांतपणे ऐकून घेते.' आणि दुसऱ्या दिवशी स्टाइन खुशीत! "सातव्या गटाच्या भेटींना सगळ्यांत जास्त तारे!" मुख्याध्यापक रूलोफ सर शेजारीच उभे. चांगला माणूस, पण गेल्या वर्षभरात असा काही वाळलाय की त्याच्या कोटातच तो मावेनासा... म्हणजे कोट त्याला मावेना... जाऊ दे. मी म्हटलं, "सर, तुम्ही तरी बोला." ते जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्या हातात काही नाही गं, योके." कसं असणार? मुख्याध्यापकाच्या ॲपमध्येही सातव्या गटासाठी बटण नाही.

आता गंमत ऐका. एका बुधवारी तिसऱ्या गटात उवा सापडल्या. खऱ्या, जिवंत, चांगल्या पोसलेल्या. उवा पाहणाऱ्या मंडळींची मी प्रमुख, म्हणून ॲपमध्ये माझ्याकडे एक खास बटण आहे, 'उवांविषयी सूचना'. दाबलं. दुपारी स्टाइन धावत आला, सायकलला कुलूपसुद्धा न लावता! "योके, तू काय केलंस? सहभाग एकदम सत्त्याऐंशी टक्के!"

अहो, साहजिक आहे! 'वसंतऋतूचं स्वागत करू या' हे कोण उघडतं? रात्रपाळी करून आलेला क्रेनवाला? पण 'उवा' म्हटलं की जो तो झोपेतून उठून, डोकं खाजवत खाजवत, आधी उघडतो! आणि स्टाइनचं यंत्र मोजतं काय? उघडलं की नाही, एवढंच. सहभाग म्हणजे उघडणं!

दुल्से माझ्याकडे बघायला लागली. मी दुल्सेकडे. ती म्हणाली, "योके, शाळा वाचवायची तर उवा संपता कामा नयेत."

मी म्हटलं, "दुल्से, मी जन्मात खोटी बातमी दिलेली नाही."

"मग खरी दे ना! उवा नाहीत ही पण उवांविषयीचीच सूचना आहे की!"

आणि मी दिली हो! दर बुधवारी, एकेका गटाची डोकी तपासून. 'उवांविषयी सूचना: दुसऱ्या गटात आज एकही ऊ नाही. दुसऱ्या गटात वाचून दाखवायलाही कुणी नाही. शुक्रवारी कोण येतं?' आणि आली माणसं! ॲप तुर्की, पोलिश, अरबी, सगळ्या भाषांत आपोआप भाषांतर करून देतं, तेवढं मात्र त्याचं कौतुक करावंच लागेल, जे आजवर फाटकापाशी पोर सोडून मान खाली घालून निघून जायचे ते बाप वर्गात येऊन बसले. एकाने पुस्तकातल्या अस्वलाला असा काही आवाज दिला की शेजारच्या वर्गातलं पोर रडायला लागलं. ग्रंथालयाचं कुलूप निघालं. मोडकी कपाटं जोडली गेली. टक्के? नव्वदच्या वर! शहरात पहिला नंबर! मंडळातून फुलं आली. मला वाटलं, चला, आता विचारू. "सर, एवढी माणसं येतायत, सातव्या गटाचं गणित आम्ही घेऊ?" रूलोफ सर म्हणाले, "पालकांनी वाचून दाखवलं तर चालतं, योके. शिकवलेलं चालत नाही. त्याला प्रमाणपत्र लागतं." म्हणजे रिकाम्या खुर्चीला लागत नाही, आम्हाला लागतं!

आणि मग तो समारंभ. 'पालकांच्या सर्वांत जवळची शाळा' हा पुरस्कार! नगरपालिकेतल्या शिक्षण बघणाऱ्या बाई आल्या, मंडळाचे अध्यक्ष आले, लोण्याचा केक आला, तोही इतक्या बारीक तुकड्यांत कापलेला की फुंकर मारली तर उडेल. सभागृह गच्च. मागच्या बाजूला क्रेनवाले कामाच्या पिवळ्या जाकिटांतच उभे. भिंतीवर हा मोठा पडदा, पडद्यावर हिरवं वर्तुळ, त्यात टक्के. स्टाइनने पाहुण्यांनाही सकाळीच ॲपमध्ये घेतलं होतं, "म्हणजे त्यांनाही आपल्या परिवाराचा अनुभव येईल."

बाई बोलल्या. "तंत्रज्ञान आणि पालक हातात हात घालून चालले, की कमकुवत शाळाही उभी राहते." टाळ्या. अध्यक्ष बोलले. "इथे कुणीही मागे राहिलेलं नाही." टाळ्या... आणि मला पहिल्या रांगेत मेरेल दिसली. चार वर्षांच्या पोरांच्या मध्ये, सगळ्यांपेक्षा दोन डोकी उंच, मांडीवर एक शेंबडं पोर झोपलेलं, गळ्यात तिनेच ओवलेली माळ. लाल-पिवळी. कुणीही मागे राहिलेलं नाही म्हणे! ही पोर सहा वर्षं मागे जाऊन बसलीय की रे बाबा!

मी फोन काढला. दुल्से कुजबुजली, "आत्ता?" मी म्हटलं, "आत्ताच." बटण दाबलं.

'उवांविषयी सूचना: सातव्या गटात ऊ सापडली नाही. शिक्षकही सापडलेला नाही. ऑक्टोबरपासून. नाव आणि तारीख सांगा.'

टिंग! अख्खं सभागृह टिंग! खिशांतून, पर्सांतून, पिवळ्या जाकिटांतून, व्यासपीठावरून. नगरपालिकेच्या बाईंचा हात आपोआप डोक्याकडे गेला, अध्यक्ष मानेवर खाजवायला लागले, आणि सगळ्यांनी उघडलं. सगळ्यांनी! पडद्यावरचं वर्तुळ सरकलं, सरकलं... शंभर टक्के! आणि शंभर झालं की ते यंत्र काय करतं, माहितेय? रंगीत कागदाचे तुकडे उडवतं आणि अस्वल नाचवतं! पडद्यावर अस्वल नाचतंय, आणि मागून एक क्रेनवाला ओरडला, "बोला की मग! नाव आणि तारीख!"

स्टाइनने पडदा बंद करायला धाव घेतली. सापडेना त्याला. त्यालाही बटण नव्हतं! अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक रूलोफ सरांच्या हातात कोंबला, "मुख्याध्यापक याचा खुलासा करतील." वाळलेला माणूस उभा राहिला. जमिनीकडे बघितलं, सवयीने. मग वर बघितलं. म्हणाला, "सूचना खरी आहे." एवढंच. आणि ध्वनिक्षेपक परत अध्यक्षांच्या हातात दिला. तुम्हाला सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या अंगावर तो कोट नीट बसलेला दिसला.

अध्यक्ष खाकरले. "हा संवाद फार मोलाचा आहे. आणि म्हणूनच मला जाहीर करायला आनंद होतो, की पुरस्कार म्हणून या शाळेला मिळतोय एक अत्याधुनिक टचस्क्रीन फळा... सातव्या गटासाठी!"

लागलाय तो. सातव्या गटाच्या रिकाम्या वर्गात, रिकाम्या खुर्चीच्या मागे. सकाळी आठला आपोआप उजळतो आणि म्हणतो, 'सुप्रभात, मुलांनो.' तीनला आपोआप मावळतो. शाळा मात्र बंद होणार नाही, तेवढं पत्र आलं. ते आम्ही जिंकलो. फण्यांनी जिंकलो!

आणि ती सूचना अजून ॲपमध्ये आहे. मी काढलेली नाही, काढणारही नाही. खाली नावं दिसतात, कुणी कुणी उघडली त्यांची. मंडळाच्या अध्यक्षांनी उघडली. नगरपालिकेच्या बाईंनी उघडली. स्टाइनने दोनदा उघडली. आणि त्या नावांच्या खाली, चांगलं ठसठशीत, निळं, 'उत्तर द्या'... हो, त्याला बटण आहे.

आज परत बुधवार. मेरेल पहिल्या गटात आहे. ते बटण अजून कुणी दाबलेलं नाही.