ऐंशीचा कागद

मृणाल : मागचं दार नाही उघडणार, पप्पा. तिथं गव्हाची कोठी तुम्हीच लावलीये.

प्रभाकर : मग पुढून जातो. दूध आणायला.

मृणाल : पुढे अरविंदचे वडील, श्रीकांत काका बसलेत. विचारतील, ह्या कॉफीत दूध कशाला? बंगलोरहून हे फ्रेंच प्रेसचं भांडं खास तुमच्यासाठी आणलंय त्यांनी.

प्रभाकर : मी कुठं मागितलं?

मृणाल : फोनवर कोण सांगत होतं? कागदाच्या मिलमधला जर्मन इंजिनीयर अकरा वर्षं माझ्याच हातची कॉफी प्यायचा, जाताना गळ्यात पडून रडला?

प्रभाकर : आला होता ना बेटा. एकदा. चहा घेतला त्यानं.

मृणाल : हसू नका. माझ्याबद्दलही तुम्हीच सांगितलंय त्यांना. कॉफी खोटी निघाली तर तेही खोटंच वाटेल. मला अरविंदशीच लग्न करायचंय, पप्पा.

प्रभाकर : कॉफीच्या डब्यावर काय लिहिलंय?

मृणाल : तीस ग्रॅम कॉफी, साडेचारशे ग्रॅम पाणी. काका म्हणतात, दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले की पहिल्या घोटात कळतं. आणि आपल्या वजनकाट्याचा सेल गेलाय.

प्रभाकर : टाक की अंदाजानं.

मृणाल : तुमच्या अंदाजानं आपल्या निंबोल्या गावचं केळं हातभर असतं.

प्रभाकर : थांब. तुझ्या प्रिंटरचा कागद ऐंशीचा ना?

मृणाल : हो. का?

प्रभाकर : चौरस मीटरला ऐंशी ग्रॅम. त्यात हे असे सोळा बसतात. एक कागद पाच ग्रॅम. बत्तीस वर्षं तेच तोललं मी. हँगर आण, आणि दोन सारख्या पिशव्या. तराजू करू.

मृणाल : म्हणजे कॉफीला सहा कागद?

प्रभाकर : आणि पाण्याला नव्वद. मोजू नको, माझ्या अंगठ्याला येतं ते.

मृणाल : हँगर सरळ झाला, पप्पा. बिलकुल सरळ.

प्रभाकर : ओत. आता चार मिनिटं झाकून ठेव. मग दांडा हळू दाब.

(मृणाल ट्रे घेऊन बाहेर जाते. प्रभाकर कोठीला टेकून उभा. नव्वद कागद छातीशी. ती परत येते.)

मृणाल : दुसरा कप मागितला.

प्रभाकर : खरंच?

मृणाल : खोटं तुम्ही बोलता, मी नाही. काटा बंद आहे म्हटलं, तर विचारताहेत, काट्याशिवाय इतकं बरोबर मोजलं कसं? काय सांगू?

प्रभाकर : जर्मनानं शिकवलं म्हण.

मृणाल : कागदाचं सांगते ना.

प्रभाकर : नको बेटा. थाप वाटेल त्यांना.