पंख्याखालची चुंबळ

शहापूरच्या एसटी स्टँडवर मी मुरबाडच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर कारखान्यात पॅकिंगला जाणारी हौसाबाई आणि तिची भाची नम्रता बसल्या होत्या.

"मावशी, पेटी पोचली का गो मद्रासला?"

"पोचली. काल फॅक्स आला. चाळीसच्या चाळीस पंखे धड."

"पंपात बसतात ते बिडाचे, ओतीव लोखंडाचे पंखे? ते तर दर खेपेला फुटायचे ना?"

"पेटीमागं पाच-सहा. रस्त्यात थर्माकोलचा भुगा व्हायचा, नि पातळ पातं फळीवर आपटायचं. साहेब म्हणायचा, बायाच पेट्या आपटतात."

"मग तू काय केलंस?"

"जुन्या सुती लुगड्याच्या चुंबळी वळल्या. डोक्यावर हंड्याखाली घेतो तशाच. पंख्याचा मधला गड्डा चुंबळीत बसतो, पाती कुठं टेकतच नाय."

"साहेब काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, हा कारखाना हाय का पाणवठा? मी म्हटलं, एक पेटी जाऊ द्या. एक जरी पंखा फुटला तर मी उद्यापासून येत नाय."

"नि आता?"

"आता म्हणतो, हौसाबाई, चुंबळीचं ड्रॉइंग द्या, मद्रासवाले मागतात."

"तुला कुठं ड्रॉइंग येतं?"

"नाय येत. मी त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर पंखा ठेवला. म्हटलं, हात सोडा नि दारापर्यंत चाला."

"चालला?"

"सगळ्या बायांच्या समोर. दारापर्यंत गेला नि परत आला, पंखा हलला नाय. म्हटलं, हेच ड्रॉइंग, पाठवा मद्रासला."