रंजीता इथीच राह्यते

— आता हेही माह्याच तोंडातून वदवून घेता का साहेब? कागदावर लिवलं हाय ना तुमच्या! घर हेच हाय का — हेच हाय. रंजीता माही नात हाय का — हाय, माह्या मुखरूची पोट्टी, ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नर्स हाय, गाव तिचं हेच. लिवा आन् निंगा, एटापल्लीची जीप भरली का मंग थांबत नाई. काय? मांगच्या साली 'या नावाचं इथी कोनी राह्यत नाई' असं कोनं सांगतलं? — जुनी गोष्ट, तुमाले काय करा लागते? — लिवाच लागते? — म्या सांगतलं. म्या. याच बाजंवर बसून.

पेन खाली ठेवा पहिले. तुमच्यासारखाच आल्ता तो, खांद्यावर झोरा, पायात बूट, हातात कागद. मी जाळं विनून राह्यलो होतो, शेजारचा बाजूले बसला होता बिडी ओढत. तो मानूस म्हने, 'रंजीता मुखरू इथीच राह्यते का?' म्या म्हनलं, नाई. म्हने, 'तिच्या घरचं कोनी?' म्या म्हनलं, नावच ऐकलं नाई बाप्पा. आन् मांगं भिताडावर तिचा फोटू, पांढऱ्या टोपीतला — मी सरकून बसलो, पाठीनं झाकला. शेजाऱ्याले इचारलं त त्यानं समोरच्या बोडीच्या, तळ्याच्या पान्याकडं पाह्यलं. मंग त्या मानसाले पानी देल्लं, पेला, गेला बिचारा. हासता काऊन? तुमच्या शहरात पाव्हना आला का पानी देतेत आन् नावही सांगतेत. आमी पानी देतो. नाव देत नाई. झोरा-कागदवाला अनोळखी मानूस कोनाचं नाव घेऊन आला का नाई म्हनाचं — इथी लेकरं चालाच्या आंधी हे शिकतेत.

मले का मालूम तो बँकेच्या कार्डासाठी आल्ता! ते कार्ड मले आताही समजलं नाई. पोट्टी समजवे — आबा, मी आजवर कर्ज घेतलंच नाई, म्हून बँकेले माही ओळख नाई, म्हून ते घरी मानूस पाठवतेत. म्हनलं, वा रे वा! ज्यानं कोनापुढं हात पसरला नाई त्याच्यावर भरोसा नाई, मंग कोनावर, उधारीवाल्यावर? ती हासे. तिले दिल्लीच्या मोठ्या दवाखान्याच्या परीक्षेचा फारम भराचा होता, कम्प्युटरवर, हातात तेवढे पैसे नव्हते, त्या उधारीच्या कार्डानंच भराचे होते म्हने. कार्ड आलं नाई, तारीख गेली, साल गेलं पोट्टीचं. यंदाची तारीख पंधरा दिवसावर हाय, म्हून त म्हनतो लिवा ना बाप्पा! — तिले सांगतलं का? नाई. ती म्हने, 'आबा, तो मानूस गावात आलाच नसन, घरी बसून लिवलं असन.' तक्रार केली तिनं त्याची, कागद लिवला, मलेच वाचून दाखवला. म्या ऐकला. भाकर खाल्ली. — काय? त्याचं काम गेलं? कवा? — मले कायले सांगता हे? मले नोका सांगू.

नाई म्हनाची मले हौस नव्हती. मी एकदा हो म्हनलो हाय साहेब. सोळा वर्सं झाले. दोघं आल्ते, असेच झोरेवाले — कोनाकडचे ते नाई सांगत. मुखरूचं नाव घेतलं. मले वाटलं मासोळ्यायचं काही असन, बाजारात मासोळ्या इके तो. म्या म्हनलं, हो, माहाच पोरगा, तो पाहा बोडीवर — आन् हाकही म्याच मारली. 'मुखरू, ये रे, पाव्हने आले.' आला तो, ओल्या पायानं, हासत. घेऊन गेले. आठ महिन्यानं घरी आला. नाव एक, त्यायले पायजे तो मानूस दुसराच होता म्हने. पन तवापासून मी हाक मारली का तो येत नाई. मान खाली घालते, जाळं उचलते, जाते. रंजीता सहा वर्साची होती, दारात उभी होती, तिनं माही हाक ऐकली. म्हून तिचं नाव त्या मानसानं घेतलं त माह्या तोंडातून हो निंगालाच नाई. समजलं? झालं?

आता आनखी का राह्यलं? शेजाऱ्याचं नाव? — नाई देत. साक्षीले एक शेजारी लागतेच? नाई त कार्ड नाई? — पाहा मंग. ते दोघं पहिले त्याच्या दारात गेल्ते. त्यानं माह्या घराकडं बोट केलं. हाक माही, पन बोट त्याचं. मले ज्यायच्या पाया पडाचं हाय ते मले पाठ हाय — मुखरू, रंजीता, आन् आता तो तुमचा मानूस — पडन मी, आज ना उद्या पडन. पन हा? रोज येते, इथी बसते, माहा चहा पेते, सोळा वर्सात त्या बोटाचा माह्याजवळ एक शब्द नाई! — द्या कागद. अंगठा नाई लावत, दुसरी शिकलो हाव. हे घ्या. फोटू पाहून घ्या जाता जाता, आज झाकत नाई. आन् निंगा आता. ते निळं दार हाय त्याचं, जाऊन इचारा, रंजीता इथी राह्यते का — पाहू बोट करते का तोंड उघडते. अनोळखी मानसाले सोळा वर्सानं नाव देऊन राह्यलो, त्या शेजाऱ्याचं, लिवा नीट — इस्तारी.